भरलेलं घर, मोकळं घर

आप्पा, म्हणजे माझे वडील, मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायला, पंचिंगला बसले की त्यांचे ओठ हलायचे, आवाज मात्र यायचा नाही. समोरच्या तिरप्या फळीवर ग्राफचा मोठा कागद टाचलेला, त्यावर एक लाकडी पट्टी, आणि पट्टीच्या कडेला लागून असलेल्या एकाच ओळीवर नजर. बोटांखाली चाव्या, पायाखाली पायडल. ‘दोन भरली, एक मोकळं, तीन भरली, मोकळं, मोकळं’ असं ओठांतल्या ओठांत चालायचं. बोटं दाबली की पाय खाली, खट्, पुठ्ठा कणभर पुढे. पुन्हा बोटं, पुन्हा खट्. ओळ संपली की पुठ्ठा संपला. मग पट्टी एक घर वर.

सोलापुरात कन्ना चौकाच्या पुढं चादरीच्या एका कारखान्याच्या माळ्यावर त्यांची ती जागा होती. खाली माग चालू असायचे. त्यामुळं माळा सतत थरथरायचा, डब्यातल्या आमटीवर बारीक लाटा उठायच्या. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायची. खाली बहुतेक सगळे तेलुगू बोलणारे पद्मशाली कामगार, वर आम्ही मराठी, पण त्या आवाजात भाषेचा प्रश्नच उरत नसे. सगळे ओठ वाचायचे आणि हातानं खुणा करायचे.

मी नऊ वर्षांची असताना एकदा आप्पांनी मला स्टुलावर बसवलं आणि ग्राफवरचं एक फूल दाखवलं. लांबून फूल, जवळून नुसती घरं. काही शाईनं भरलेली, काही मोकळी. ‘भरलेल्या घराला भोक पाडायचं, मोकळ्याला नाही. एवढंच काम हाय बघ,’ ते म्हणाले. मग खाली नेऊन मागाच्या डोक्यावर बसवलेलं जेकार्ड दाखवलं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांना वरून दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांना हुक, हुकांना सुया. पुठ्ठे एकमेकांना ओवून त्यांची लांब साखळी केलेली, ती चौकोनी दांड्यावरून फिरत राहते. आडवा धागा, म्हणजे बाणा, नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेरीआधी एक पुठ्ठा सुयांच्या तोंडावर येऊन बसतो. भोक असेल तिथं सुई आरपार जाते, हुक जागचा हलत नाही आणि धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं पुठ्ठा सुईला मागं रेटतो, हुक सुटतो, धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा निघून जातो. आप्पांनी ओळीनं बसवलेली भोकं खाली कापडावर फूल होऊन येताना मी पाहिलं तेव्हा मला ‘प्रोग्राम’ हा शब्द माहीत नव्हता. पण प्रोग्राम म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पुढं कॉलेजात जे शिकले ते त्याचंच इंग्रजी नाव होतं.

आज मी सोलापुरातच मुलांना कॉम्प्युटर शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला इतिहास सांगावा लागतो आणि पुस्तकातला इतिहास बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजपाशी सुरू होतो. मी तो चादरीपासून सुरू करते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी मागावर काम केलेलं असतं. त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ती परकी नाहीच.

जेकार्ड हे नाव आपल्याकडं यंत्राचं म्हणून रुळलं, पण ते माणसाचं आहे. जोसेफ मारी जाकार, फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या रेशीम विणकराचा मुलगा, जन्म १७५२. त्या काळी नक्षीचं रेशीम विणायचं तर मागावर दोन जीव लागायचे. एक विणणारा, दुसरं दोऱ्या ओढणारं पोर. कुठल्या ओळीला कुठल्या दोऱ्या ओढायच्या ते त्या पोरानं लक्षात ठेवायचं आणि दिवसभर ओढत राहायचं. जाकारनं १८०४ मध्ये जे यंत्र उभं केलं त्यानं त्या पोराचं काम पुठ्ठ्यांना दिलं. त्याच्याही आधी, १७२५ मध्ये, त्याच शहरात बाझिल बूशाँ यानं भोकं पाडलेला कागद वापरला होता, आणि तीन वर्षांनी फाल्काँ यानं कागदाच्या जागी पुठ्ठे ओवले होते. नाव शेवटच्याचं राहिलं. लियाँच्या विणकरांनी या यंत्राला कडाडून विरोध केला होता. पोटावर पाय येणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि मागांचं भलंबुरं पाहिलेल्या आमच्या गावातून मी तरी त्यांना अडाणी म्हणणार नाही.

याच जाकारचं एक चित्र १८३९ मध्ये लियाँत विणलं गेलं. विणलं गेलं, काढलं नव्हे. काळं-पांढरं रेशीम, खुर्चीत बसलेला जाकार, मागं अवजारं, हातात कंपास. त्यासाठी २४ हजार पुठ्ठे लागले. लंडनच्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानं त्याची एक प्रत मिळवली होती. ती तो घरी येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा आणि त्यांना ते छापलेलं चित्र वाटायचं. आमच्याकडंही मागावर देवादिकांची, पुढाऱ्यांची चित्रं विणतात, भिंतीवर टांगायची. त्यामुळं मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांना चित्राचं फारसं नवल वाटलं नाही. ते आकड्याशी थांबले. ‘चोवीस हजार?’ त्यांनी बोटं मोडून हिशेब केला. ‘एका माणसानं दिवसाला शंभर पाडले तर दोनशे चाळीस दिवस. एकही खाडा न करता आठ महिने. आणि सगळं बरोबर यायला पाहिजे.’ नंतर बराच वेळ ते गप्प होते. त्या चित्रामागं कोण बसलं असेल, याचा विचार करणारा मला भेटलेला तो पहिला माणूस.

बॅबेज त्या वेळी एका मोठ्या यंत्राच्या मागं लागला होता. कुठलंही गणित करू शकेल असं, दातेरी चाकांचं, वाफेवर चालणारं यंत्र. त्याला काय करायचं ते सांगायचं कसं, यावर १८३६ मध्ये त्याला उत्तर सापडलं: जेकार्डचे पुठ्ठे. यंत्र एकच, पुठ्ठे बदला की काम बदललं. यंत्र आणि त्याला दिलेली आज्ञा या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, ही ती मोठी कल्पना. आपला मोबाइल आज त्याच कल्पनेवर उभा आहे. पण माझा जीव अडकला तो बॅबेजनं आपल्या यंत्राच्या भागांना दिलेल्या नावांत. आकडे ठेवायच्या जागेला त्यानं ‘स्टोअर’ म्हटलं आणि जिथं प्रत्यक्ष हिशेब होतो त्या भागाला ‘मिल’.

मिल! सोलापुरात हा शब्द उच्चारला की काय काय उभं राहतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर घड्याळं लावणारं गाव. मिलमध्ये आहे म्हटल्यावर पोरगी देणारे बाप. बॅबेज १८७१ मध्ये गेला, त्याचं यंत्र कधीच पुरं झालं नाही. त्यानंतर सहा वर्षांनी, १८७७ मध्ये, आमची जुनी मिल सुरू झाली. कच्चा माल कोठारातून आणायचा, मिलमध्ये त्याचं काहीतरी करायचं, पुन्हा कोठारात नेऊन ठेवायचं. कॉम्प्युटरचं पोट आजही असंच चालतं. मी वर्गात प्रोसेसर शिकवताना फळ्यावर आधी ‘मिल’ लिहिते.

बॅबेजच्या यंत्राचं मर्म त्याच्यापेक्षाही नीट सांगितलं एडा लव्हलेस या इंग्रज गणिती बाईनं. १८४३ मध्ये तिनं त्या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं भाषांतर केलं आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखापेक्षा लांब झाल्या. त्यात ती म्हणते की जेकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं. शिवाय हे यंत्र आकड्यांपुरतं थांबणार नाही, नियमात मांडता येईल ते संगीतसुद्धा रचेल, असंही तिनं लिहून ठेवलं. त्या काळात असं कापड पाहून एवढ्या लांबचं दिसणं ही साधी गोष्ट नाही.

नंतरचं मी वर्गात भरभर सांगते. १८९० ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर केली. त्याची कंपनी इतरांत मिसळली आणि १९२४ पासून आयबीएम म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या कंपनीनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड काढलं. पुढं कार्डं गेली, पण कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं ही मोजणी कितीतरी वर्षं तशीच राहिली.

दोन शब्दांपाशी मात्र थांबते. ‘लूप’ आणि ‘पॅच’. आप्पा साखळीचा शेवटचा पुठ्ठा पहिल्या पुठ्ठ्याला दोरीनं ओवायचे, म्हणजे नक्षी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क वन या हिशेबाच्या यंत्रात, १९४४ च्या सुमारास, भोकांच्या कागदी पट्टीची दोन टोकं चिकटवून हेच करायचे. तोच लूप. आणि चुकीचं भोक पडलं तर? पुठ्ठा टाकून देणं परवडायचं नाही. आप्पांच्या डाव्या हाताला खळीची वाटी असायची. कागदाचा नखाएवढा तुकडा खळीत बुडवून भोकावर बसवायचा, अंगठ्यानं दाबायचा, वाळला की बरोबर जागी नवं भोक. त्याला ते ठिगळ म्हणायचे. त्या हार्वर्डच्या पट्ट्यांनाही अशीच ठिगळं लावलेली आहेत. मोबाइलवर दर महिन्याला जो ‘पॅच’ येतो तो शब्द अशाच ठिगळांवरून आला. कॉलेजात सरांनी पॅच म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा माझ्या नाकाला खळीचा आंबूस वास आला होता.

आईबद्दल लिहायला हवं. आई घरी कांड्या भरायची. रहाटावर बसून मोठ्या लडीतला धागा छोट्या कांडीवर गुंडाळायचा, त्या कांड्या कारखान्यात धोट्यात बसायच्या. पूर्व भागातल्या हजारो बायकांनी एक तर हे केलं, नाहीतर विड्या वळल्या. मोबदला कांड्यांच्या मोजणीवर. या कामाला कुणी कधी ‘कसब’ म्हटलं नाही.

१९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला. यानातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्या वेळी विणलेला होता. खरोखर विणलेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थम इथं रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका बसून तांब्याची तार बारीक चुंबकी कड्यांमधून ओवायच्या. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. पंच केलेल्या पट्टीच्या इशाऱ्यावर यंत्र पुढची जागा समोर आणायचं आणि बाई सुईसारख्या दांडीनं तार पलीकडं घालायची. अशी ३६,८६४ शब्दांची (इथं शब्द म्हणजे एक-शून्यांचा एक गट) स्मृती, एकेका शब्दाला १६ तारा. म्हणजे सुमारे ५ लाख ९० हजार ठिकाणी एकच प्रश्न: आत की बाहेर? भरलेलं घर की मोकळं घर? एकदा विणून झालं की बदल करणं फार अवघड, म्हणून तो प्रोग्राम लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातले तिचे सहकारी यांना प्रोग्राम उड्डाणाच्या बऱ्याच आधी पक्का करून द्यावा लागायचा. त्या बायकांपैकी अनेकजणी कापडाच्या आणि घड्याळांच्या कारखान्यांतून आलेल्या होत्या. त्यांच्या कामाला इंजिनिअर लोकांनी टोपणनाव ठेवलं होतं, ‘म्हाताऱ्या बायकांची मेमरी’. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आईला मी त्या बायकांचे फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून त्यांचे हात बघितले आणि म्हणाली, ‘तारेला ताण सारखा ठेवणं, ते खरं अवघड. धागा तरी थोडा ऐकतो.’

आपल्या देशातही हे घडत होतंच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला, इथल्याच लोकांनी बांधलेला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि त्याचीही स्मृती तारांत ओवलेल्या कड्यांची. त्या वर्षी माझे आजोबा मिलमध्ये तिसऱ्या पाळीला होते.

आमच्या पिढीला कॉम्प्युटर भेटला तो मात्र खेळातून. नव्वदच्या दशकात नवी पेठेत व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती. रुपयाला एक कॉइन. दादा तिथं पडीक असायचा, ‘मुस्तफा’ खेळायला. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या त्या खेळाचं खरं नाव वेगळंच आहे, पण भारतभर पोरांनी त्यातल्या एका गड्याच्या नावानं त्याचं बारसं केलं. मुलींनी त्या दुकानात जायचं नाही, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. मी दाराबाहेर सायकल धरून उभी राहायची आणि पडद्याचा कोपरा बघायची. म्हणून गड्ड्याच्या यात्रेत दादानं हट्टानं टीव्ही गेम घेतला, तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त आनंद मला झाला होता. पिवळी कॅसेट आणि त्यात मारिओ.

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या शिगेरू मियामोतो यांनी तो मारिओ १९८१ मध्ये काढला तेव्हा त्यांच्याकडं जेमतेम १६ बाय १६ घरं होती. एवढ्यात तोंड कसं दाखवणार? म्हणून मिशी. केस उडताना दाखवता येत नाहीत, म्हणून टोपी. हात अंगात मिसळून जातात, म्हणून बाह्या एका रंगाच्या आणि वरचा कामगारी पोशाख दुसऱ्या रंगाचा. जगभर ओळखीचा झालेला तो चेहरा घरं कमी पडली म्हणून असा झाला. आप्पांना हे समजावून सांगावं लागलं नाही. चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणायचं असायचं, तेव्हा देवनागरी अक्षरं घरांत बसवताना त्यांनी हेच केलं होतं. ‘ळ’ ला गोलाई यायची नाही, ‘क्ष’ भरून गच्च व्हायचा, शिरोरेघ एका घराची ठेवली तर धुण्यात दिसेनाशी आणि दोन घरांची ठेवली तर अक्षर दबलेलं. शिवाय चादर दुपदरी, त्यामुळं मागच्या बाजूला तेच नाव उलटं आणि रंगही उलटे. आप्पांना उलटी अक्षरं सुलट्याइतकीच भराभर वाचता यायची. कॉम्प्युटरवर मराठी कशी दिसावी याची खटपट पुण्या-मुंबईत चालू होती, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या माळ्यावर ती शाईच्या घरांत दिसत होती.

एका रात्री आम्ही खेळत असताना आप्पा मागं येऊन उभे राहिले. मारिओ पळत होता, वरून ढग जात होते, खाली झुडपं. ‘थांबव जरा,’ ते म्हणाले. दादानं बटण दाबलं. आप्पा टीव्हीजवळ वाकले. ‘हा ढग आन् हे झुडूप एकाच पुठ्ठ्यातलं हाय की. नुसता बाणा बदललाय. वर पांढरा, खाली हिरवा.’ आम्ही बघितलं. खरंच होतं. १९८५ चा तो सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, मोबाइलवरच्या एका फोटोलाही हल्ली त्याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवायची म्हणून त्यांनी एकच आकृती दोन रंगांत दोनदा वापरली. जगभरच्या किती खेळाडूंच्या हे वर्षानुवर्षं ध्यानात आलं नाही. आप्पांना अर्ध्या मिनिटात दिसलं, कारण एकाच साखळीवर रंग बदलून चार चादरी काढणं हा त्यांचा रोजचा धंदा.

पुढं कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं. आता डिझाइन कॉम्प्युटरवर निघतं, पेन ड्राइव्हनं मागात जातं, पुठ्ठ्याची गरज नाही. काम चांगलं होतं, वेगानं होतं, हे मला मान्य आहे, आणि मीच शिकवलेल्या दोन मुली आज हे काम करतात याचा अभिमानही आहे. पण ते बदल झाले त्या वर्षी मालकानं आप्पांना नुसतं ‘उद्यापासून नको’ म्हणून सांगितलं. त्यांनी तीस वर्षांत पाडलेले पुठ्ठे, मोर, कमळं, सिद्धेश्वराचं देऊळ, नावं, सगळ्या साखळ्या टेम्पोत भरून रद्दीला गेल्या, किलोच्या भावानं. एकही साखळी ठेवून घ्यायची कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. तेव्हा मी त्यातल्या पुठ्ठ्यांचं मोल जाणत होते, तरी गेले नाही. त्याची बोच आहे.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलानं लॅपटॉपवर तो जुना मारिओ काढला आणि आजोबांना म्हणाला, मला याची चादर पाहिजे. आप्पांनी ग्राफची वही मागवली. चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं, आणि काढायच्या आधी पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले.

‘तेव्हा हा एवढा बारीक नव्हता,’ ते म्हणाले.

मी हसून म्हटलं, ‘आप्पा, तोच आहे. काही बदललेलं नाही.’

‘नाही. जाड होता. घर रुंद होतं तेव्हा.’

मी शोधून पाहिलं. त्या टीव्ही गेमचं घर जुन्या टीव्हीवर नीट चौकोनी नसायचं, उंचीपेक्षा रुंदीला किंचित जास्त भरायचं. लॅपटॉप ते चौकोनी करून दाखवतो, म्हणून मारिओ अंगानं उतरल्यासारखा दिसतो. कापडातही घर चौकोनी नसतं. इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती त्यावर ते ठरतं, आणि तो हिशेब चुकला तर कमळाचा भोपळा होतो.

मी त्यांना सांगितलं, बरोबर आहे तुमचं. त्यांनी मान हलवली, जणू हे माहीतच होतं, आणि मुलाला पट्टी आणायला पाठवलं.

‘इंचात ताणा किती धरायचा ते आधी सांग,’ ते मला म्हणाले. ‘मग काढतो.’